संपूर्ण पुस्तक वाचू या

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



तुमच्यापैकी काही जणींनी मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं आहे, काही जणी अजून विचारात आहेत. सगळ्याच जणींच्या मनातला प्रश्न एकच असतो : "मी कुठे एवढी शिकलेय?" गणित-विज्ञानाची सोय होते. पुस्तकं मिळतात, शिकवणारं कुणी भेटतं, आणि वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते. घाबरवतात ती मोठी पुस्तकं. ती आपण कशी शिकवणार? माझं सांगणं एवढंच की ती शिकवायची नसतात, मुलांबरोबर वाचायची असतात. आणि हे काम आजवर ज्यांनी उत्तम केलं, त्यांतल्या कित्येक बायकांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंची आई लक्ष्मीबाई डोंगरे. वडील अनंतशास्त्र्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाईंचा जन्म 1858 चा. त्या शिकण्याच्या वयात आल्या तोवर वडील थकले होते, तेव्हा शिकवण्याचं काम आईने अंगावर घेतलं. घर कसलं, सतत तीर्थयात्रा. एका गावाहून दुसऱ्या गावी. दिवसा सवड नसे, म्हणून ती माउली पहाटे अंधारातच लेकीला उठवायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या मुलीला 'पंडिता' म्हटलं, तिचा पाया या पहाटेच्या पाठांतराने घातला. तीच मुलगी प्रभूकडे वळली, हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून तिने सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं. आईने शिकवली होती पुराणं. लेकीच्या हातून देव काय घडवणार आहे, हे त्या आईला ठाऊक असण्याची गरज नव्हती. तुम्हालाही नाही.

दुसरी आई इंग्लंडातली, सुझाना वेस्ली. एपवर्थ नावाच्या खेड्यात पाळकाचं घर, डोक्यावर कर्ज, नवरा कर्जापायी तुरुंगातही जाऊन आलेला. एकोणीस बाळंतपणं, त्यांतली दहा मुलं जगली. ही बाई सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच घरातच शाळा भरवायची. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी मुळाक्षरं, आणि लगेच वाचायला उत्पत्तीचा पहिला अध्याय. मुलांसाठी सोपी करून लिहिलेली गोष्ट तिने मध्ये आणली नाही. मुलीला नीट वाचता आल्याखेरीज शिवणकामाला बसवायचं नाही, असा तिचा नियम होता. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही! तिची शिस्त मात्र फार कडक होती. लहानग्यांनी रडायचं तेही हळू आवाजात. ते तुम्ही घेऊ नका, मला ते मान्य नाही. घ्यायचं ते वेगळंच. आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलाला वाटून दिली होती. त्या वेळी फक्त ती आणि ते मूल. जॉनच्या वाट्याला गुरुवार आला होता. हा जॉन वेस्ली मोठा झाला, ऑक्सफर्डला शिकवू लागला, तरी आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या वेळेतला थोडा वेळ मागत होता.

आता मुलांबरोबर वाचायची रीत. ती सांगितली शार्लट मेसनबाईंनी. सोळाव्या वर्षी पोरक्या झालेल्या, अविवाहित, आयुष्यभर शिक्षिका. 1885-86 च्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला त्यांनी व्याख्यानं दिली, तीही चर्चच्या एका खोलीसाठी निधी जमवायला. त्यांतूनच घरच्या शिक्षणावरचं त्यांचं पुस्तक झालं आणि आज जगभरच्या ख्रिस्ती आया ते हाताशी ठेवतात. त्यांचं म्हणणं असं : चांगलं पुस्तक घ्या, एकदाच वाचा, मग मुलाला ते आपल्या शब्दांत सांगू द्या. मध्ये प्रश्न विचारू नका, तात्पर्य सांगू नका. लहान मुलांना पंधरा-वीस मिनिटं पुरे.

माझ्या घरात काय घडलं ते सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही योसेफाची गोष्ट वाचली, थेट शास्त्रातून, उत्पत्तीचा 37 वा अध्याय. रंगीत चित्रांच्या पुस्तकात त्याने ती आधी पाहिली होती. वाचून झाल्यावर तो सांगायला लागला : भावांनी त्याचा झगा काढला, त्याला खड्ड्यात टाकलं, खड्ड्यात पाणी नव्हतं. आणि तिथे तो अडला. "आई, मग ते जेवायला बसले?" हो, शास्त्रात तसंच आहे. "पण तो खाली ओरडत असेल ना?" मी काहीच बोलले नाही. पुढे 42 व्या अध्यायात तेच भाऊ कबूल करतात की तो काकुळतीला आला होता आणि आम्ही ऐकलं नाही. तिथवर पोचलो तेव्हा तो ताडकन उठून बसला : "बघ, ओरडत होता!" त्याच्या चित्रांच्या पुस्तकात ते जेवण नव्हतंच. मुलांना झेपणार नाही म्हणून आपण नेमका तोच घास काढून टाकतो, ज्यात पाप म्हणजे काय ते मुलाला न सांगता कळतं.

म्हणून संपूर्ण पुस्तकं हवीत, आणि ती केवळ इंग्रजीच असायला हवीत असं नाही. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. पुराण ऐकण्यावाचण्यात वाढलेल्या नवख्रिस्ती माणसांना तसंच काहीतरी हवं होतं, म्हणून ते लिहिलं गेलं. ते मोठ्याने म्हणा. चारशे वर्षांपूर्वीची मराठी आहे, अर्धं कळणार नाही. कानाला लय लागली की पुढचं येतं. इंग्रज लेखक बन्यनचं यात्रेकरूच्या रूपकाचं पुस्तक हरी केशवजींनी 1841 मध्येच 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. आणि मुलं जरा मोठी झाली की लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचाच. या लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतर झाली. तरी नवऱ्याच्या, कवी टिळकांच्या, मागे त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं. आपल्याला येत नाही असं ज्या बाईला वाटतं, तिने हे पुस्तक आधी स्वतःसाठी वाचावं.

थकवा येईल. घरात आजारपण निघेल, पाहुणे येतील, आठवडाभर पान उलटलं जाणार नाही. सासरची माणसं पोरांचं वाटोळं करतेस म्हणतील. अशा वेळी बाकी सारं बाजूला ठेवलं तरी चालेल, रात्रीचं वाचन तेवढं सोडू नका. शास्त्रातला एक अध्याय आणि पुस्तकाची दोन पानं. नवऱ्यालाही वाचायला बसवा. अनंतशास्त्र्यांनी शिकवलं म्हणून लक्ष्मीबाई डोंगरे रमाबाईंना शिकवू शकल्या.

आणि मंडळीतल्या ज्येष्ठांना एक विनंती. आपल्याकडे आजी-आजोबांच्या वेळच्या पेट्यांमध्ये जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तकं पडून आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा. याच सभागृहात एक कपाट ठेवू या, किल्ली या आयांकडे देऊ या. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी इथे थांबणार आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुस्तकं घेऊन यावं.