ट्रॅक्टरलाही गोडे पाणी पाजा



आज ट्रॅक्टरच्या पाण्याविषयी बोलू. भातकुली, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात माणसाने कोणते पाणी प्यावे याचा विचार घरोघरी होतो. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून आपण नळाची वाट पाहतो, नाही तर जार विकत आणतो. ट्रॅक्टर वावरात उकळला की मात्र ड्रायव्हर जवळच्या बोअरवर जातो, डबकी भरून आणतो आणि रेडिएटरमध्ये ओततो. त्याला विचारले तर म्हणतो, "लोखंडाले काय चव समजते, भाऊ?"

चव समजत नाही खरी, पण मीठ बाधते. आपल्या भागातले भूजल किती खारे आहे याचा एक दाखला पुरे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. वऱ्हाडात समुद्र नाही. तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा गावी खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडण्यात आला. पाणी आटले की मीठ मागे राहते, एवढीच त्यातली युक्ती. रेडिएटरमध्येही तेच होते. वाफेने पाणी कमी होते, क्षार आतच राहतात. वरून पुन्हा खारे पाणी पडते, पुन्हा क्षार वाढतात. आपण नकळत इंजिनात मीठ पिकवत असतो.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिच्यातली साधारण तिसरा हिस्साच कामाला येते. बाकीची काही धुराड्यातून जाते, आणि उरलेली बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याने बाहेर काढायची असते. चहाच्या भांड्याला आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच थर लायनरभोवती आणि हेडमध्ये, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या जागी बसतो. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. मग रेडिएटर पाण्याने भरलेला दिसतो आणि आत इंजिन भाजत असते. दुसरीकडे खाऱ्या पाण्यातले मीठ लोखंडाला गंज चढवते आणि ॲल्युमिनियमला खाते. पुढे हेडचे गॅस्केट जळते, नाही तर पिस्टन धरतो.

हे नेमके केव्हा होते? काम जोरात असते तेव्हा. खारपाणपट्ट्यात हरभरा हा जमिनीतल्या ओलीवर येणारा माल. वाफसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीकडे पडून राहिला तर ओल काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून हे काम श्रावण-भाद्रपदातच उरकावे. पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन हार घालतो. पण ते धुणे बाहेरून झाले. आतून धुण्याला एक सकाळ लागते आणि ते घरच्या घरी होते.

आधी पाणी जमवा. या दिवसांत पावसाचे पाणी फुकट मिळते. पत्र्यावरून पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे, नंतरचे दुहेरी कापडातून गाळून झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवावे. आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणीही चालते. मात्र त्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकतात ते मूळ पाण्यापेक्षा खारे असते, ते घेऊ नये. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी तर उत्तमच, फक्त कॅनवर नीट वाचावे, ॲसिडचा कॅन उचलू नये. शेततळ्याचे पाणी गोडे असते, पण त्यात काळ्या मातीचा गाळ फार, तो बारीक नळ्यांत जाऊन बसतो. अगदी अडल्या वेळीच ते वापरावे, तेही निवळून आणि गाळून.

काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. ही गोष्ट मी दोनदा सांगतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, उघडू नये. आत पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले असते. झाकण फिरवताच ते वाफ होऊन तोंडावर येते आणि डोळे जातात. थंड झाल्यावरही झाकणावर फडके ठेवावे, पहिल्या खाचेपर्यंत फिरवून थांबावे, फुसफुस बंद झाली की मगच काढावे.

खाली घमेले ठेवून रेडिएटरचा कॉक उघडा. बहुतेक लोक इथेच थांबतात. इंजिनाच्या ब्लॉकलाही बाजूने एक बोल्ट किंवा कॉक असतो, तो उघडल्याशिवाय आतले पाणी पूर्ण निघत नाही. तो उघडूनही काही आले नाही तर समजावे की गाळ घट्ट झाला आहे. मऊ तारेने तोंड मोकळे करावे. घमेल्यातले पाणी पाहा. तांबूस असेल तर गंज, पांढऱ्या खपल्या असतील तर क्षार. पाण्यावर तेलाचा तवंग असला, किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधासारखे तेल दिसले, तर धुणे थांबवून मिस्त्रीला बोलवा. ते दुखणे वेगळे आहे.

आता कॉक बंद करून गोडे पाणी भरा आणि इंजिन चालू करा. रेडिएटरची वरची नळी हाताला गरम लागेपर्यंत चालू द्या. नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरले. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत असे दोन-तीनदा करावे. घाई करून तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते.

थर जुना असेल तर रेडिएटर साफ करायचे औषध दुकानात मिळते, ते डब्यावर लिहिल्या मापाने वापरावे. जुने मिस्त्री धुण्याचा सोडा घालत. सगळे लोखंड-पितळ असेल तर ठीक, पण आता बऱ्याच इंजिनांत रेडिएटर किंवा इतर भाग ॲल्युमिनियमचे असतात आणि सोडा ॲल्युमिनियम खातो. संडास धुण्याचे ॲसिड तर कोणी घालूच नये. आणखी एक. वर्षानुवर्षे न धुतलेला रेडिएटर धुतल्यावर कधी कधी गळू लागतो. बारीक छिद्र गाळाने बुजलेले असते, ते मोकळे होते. धुण्याला दोष देऊ नका, छिद्र आधीपासूनच होते.

पाणी निथळते तोवर बाहेरची जाळी पाहून घ्या. थ्रेशरवर चाललेल्या ट्रॅक्टरच्या जाळीत कुटार भरलेले असते. ते पंख्याच्या बाजूने पुढे ढकलत, हलक्या पाण्याने किंवा हवेने काढावे. नळ्या दाबून पाहा, तडे गेलेल्या बदला. पंख्याचा पट्टा आणि झाकणाचे रबर पाहा. झाकण ढिले असेल तर पाणी लवकर उकळते, म्हणून त्यावर चालढकल करू नका.

भरताना नुसते पाणी भरू नये, कूलंट घालावे. "आपल्याकडे कुठे पाणी गोठते?" असे पुष्कळ जण विचारतात. गोठत नाही, पण कूलंट गंज धरू देत नाही आणि पाणी उशिरा उकळते. तयार कूलंट आणले तर त्यात पाणी मिसळायचे नाही. घट्ट कूलंट आणले तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे, बहुधा निम्मे-निम्मे, बादलीत आधी कालवून घ्यावे. नुसता रंग पाहून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नये. किती लिटर लागेल ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. हळूहळू ओता, इंजिन थोडे चालवा, आतली हवा निघून पातळी खाली जाते, मग पुन्हा भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत पाहा. पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन ट्रॅक्टरवर कायम बांधून ठेवा, म्हणजे ड्रायव्हरला बोअरकडे जावे लागणार नाही.

आता काढलेल्या जुन्या कूलंटचे. ते चवीला गोडसर असते आणि विषारी असते. अंगणात घमेले उघडे राहिले तर कुत्रे, शेळी, वासरू चाटते आणि दगावते. लहान मुलांचाही धोका आहे. घमेले ताबडतोब झाकणाच्या कॅनमध्ये रिकामे करा आणि कॅनवर 'विष' असे लिहा. ते नालीत, विहिरीजवळ किंवा गोठ्याकडे ओतू नका. तालुक्याला जाल तेव्हा जे गॅरेज घेत असेल तिथे जमा करा. कोणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय करत बसू नका. माणसाला दवाखान्यात न्या, जनावरासाठी पशुवैद्यकाला बोलवा, आणि कूलंटचा डबा सोबत दाखवा.