मागच्या दाराची बाग



इंग्लंडमध्ये १९२७ साली घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी उभा करायचा होता. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवलं, की ज्यांच्याकडे चांगल्या बागा आहेत त्यांनी त्या लोकांना पाहायला खुल्या कराव्यात आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या, आठ हजार पौंडांच्या वर पैसा जमला. ती प्रथा आजही चालू आहे, चहा-केकसकट. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरातही १९४७ पासून वसंतात लोक तिकीट काढून दुसऱ्यांची घरं आणि बागा पाहत हिंडतात.

हे वाचलं आणि मनात आलं, आमच्या लोहाऱ्यात असं काही केलं तर? लोहारा म्हटलं की यवतमाळकरांना आठवते ती एमआयडीसी, डेनिमचा कारखाना आणि इंजिनीअरिंग कॉलेज. बाग बघायला म्हणून इकडे कोणी येत नाही. आणि आलं, फाटक उघडलं, तरी दिसणार काय? एक तुळशीवृंदावन, एक जास्वंद आणि मोटारसायकल.

कारण आपली बाग पुढे नसतेच. ती सांदवाडीत असते. पुण्याकडचे लोक परसबाग म्हणतात, आपण सांदवाडी. तिथे जायचं तर बैठकीतून, स्वयंपाकघरातून, गॅसवरच्या वरणाला ओलांडून जावं लागतं. परक्या माणसाला तिथवर कोण नेणार? आणि नेलंच, तर घरची बाई आधी म्हणणार, ‘काही नाही हो, असंच लावून ठेवलं आहे.’ या ‘असंच’वर विश्वास ठेवू नका.

सांदवाडी मागे का, याचं उत्तर एका शब्दाचं आहे: पाणी. न्हाणी मागे, भांडी घासायची जागा मागे, म्हणून बागही मागे. झाडांच्या जागा पाहिल्या तर हे लगेच कळतं. न्हाणीच्या तोंडाशी धोपा, म्हणजे ज्याला बाहेरगावी अळू म्हणतात तो, आणि केळ. दोघांनाही पाय ओले लागतात. त्यापुढे सावलीत हळद, पुदिना. मग गोडलिंब, जाम म्हणजे पेरू. कुंपणावर वालाचा वेल, टिनावर चढवलेलं कोहळं. आणि सगळ्यात लांब, कोपऱ्यात, मुनगा, म्हणजे शेवगा. त्याला कोणी पाणी घालत नाही आणि शेंगा मात्र गल्लीभर वाटल्या जातात. जो जितका तहानलेला, तो न्हाणीच्या तितका जवळ. हा नकाशा कोणी काढलेला नसतो. खरकट्या बादलीनं काढलेला असतो.

पूर्वी भांडी राखेनं घासत. आता त्या पाण्यात साबण असतो. धोपा कुरकुरत नाही, पण मोगरा रुसतो. माझा रुसला होता. शेवटी त्याला भाजी-तांदूळ धुतल्याचं पाणी वेगळं ठेवू लागले, तेव्हा कुठे कळ्या धरल्या.

२०१८चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणं तळाला गेली होती आणि दारात ड्रम मांडून माणसं टँकरची वाट बघत होती. माणसांनाच नाही तिथे झाडांना कुठून? त्या वर्षी आमच्या गल्लीतले गुलाब गेले, लॉन गेलं. लॉन गेल्याचं मला फार दुःख झालं नाही. काळ्या मातीत आणि चव्वेचाळीस अंशांत ते गवत म्हणजे पाहुण्यांना दाखवायचा हट्ट होता. तगलं ते न्हाणीजवळचं. आणि एक जाम. एका घरी त्याच्या बुडाशी मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरलेलं होतं. दोन दिवसांनी तांब्याभर पाणी त्यात ओतायचं, वर झाकणी ठेवायची. गाडगं झिरपत राहतं, मुळं त्याच्याभोवती येऊन बसतात. तो जाम आजही उभा आहे.

आणि कूलर! विदर्भाची बाग सांगायची आणि कूलर वगळायचा, हे जमणार नाही. खिडकीतल्या कूलरखाली जिथे थेंब पडतात, तिथे एप्रिलमध्येही हिरवं असतं. फक्त टाकीतलं तळाचं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळेच.

तर अशा या बागा. त्या पाहायच्या कशा? मला वाटतं, आपल्याकडे त्या खुल्या करण्याचा हंगाम आहेच, आपण त्याला ते नाव दिलेलं नाही. संक्रांत ते रथसप्तमी. बाया हळदीकुंकवाला घरोघर हिंडतात, आणि जानेवारीत आपली सांदवाडी वर्षातली सगळ्यात देखणी असते: वाल लगडलेला, सांबार, म्हणजे कोथिंबीर, हातभर, शेवंती अजून टिकून. ‘मागं चला ना, वांगी दाखवते,’ असं म्हणत यजमानीण मोबाईलचा टॉर्च लावते आणि भरजरी साड्या सावरत पाच-सहाजणी अंधारात एका वांग्याच्या झाडाभोवती उभ्या राहतात. हल्ली वाण म्हणून रोपंही देतात. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा ते बरं. डबे माझ्याकडे सतरा झाले आहेत.

इंग्लंडात पाहुणा पैसे देतो. इथे पाहुण्यालाच काहीतरी मिळतं: फांदी, कंद, पुडीत बांधलेलं बी. मनीप्लँट तेवढा मागायचा नाही, तो चोरलेलाच लागतो असं म्हणतात. त्यामुळे यजमानीण त्या वेळी दुसरीकडे बघते.

एकच सुधारणा सुचवते. हळदीकुंकू चार वाजता ठेवा, उजेडात. आणि पुरुषांनाही बोलवा. आमच्या गल्लीतला शेवंतीचा सगळ्यात मोठा जाणकार एक निवृत्त गृहस्थ आहे, आणि त्याला आजवर कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही.

माझ्याकडे यायचं असेल तर पिशवी घेऊन या, धोप्याचे कंद खूप झाले आहेत. चपला काढू नका, सरळ मागे चला. न्हाणीपाशी शेवाळ आहे, तेवढं जपून.