मूठभर तांदळावर उभी राहिलेली शाळा





मराठी शाळांच्या शिक्षकांची वसईतली ही परिषद आम्ही संत कुरियाकोस एलियास चावरा यांच्या स्मृतीस अर्पण केली आहे. ते केरळचे. 1805 साली कुट्टनाडातल्या कैनकरी गावी जन्मले. सेमिनरीत शिकत असतानाच आईवडील आणि भाऊ साथीत गेले, तरी त्यांनी धर्मगुरू होण्याचा मार्ग सोडला नाही. 1831 मध्ये पालक्कल आणि पोरुकरा या दोन ज्येष्ठ धर्मगुरूंसोबत मान्नानमच्या टेकडीवर त्यांनी मठाची पायाभरणी केली. पुरुषांसाठीचा हा पहिला भारतीय धर्मसंघ, आजचा सीएमआय. 1866 मध्ये कूनम्मावला बांबूच्या चटयांच्या झोपडीत स्त्रियांचा मठ सुरू झाला. त्याच्या उभारणीत फादर लिओपोल्ड बेकारो आणि विधवा एलिस्वा यांच्याबरोबर चावराही होते.

मठ स्थापणारे पुष्कळ झाले. मला चावरा मोठे वाटतात ते मठाचे दार त्यांनी गावाकडे उघडले म्हणून. छापखाना हवा होता, पण विकत आणण्याची सोय नव्हती. त्यांनी तिरुवनंतपुरमला जाऊन यंत्र नीट पाहिले, केळीच्या खुंटाचा नमुना केला आणि सुताराकडून लाकडी छापखाना घडवून घेतला! 1846 मध्ये मान्नानमला छपाई सुरू झाली. त्याच साली तिथे संस्कृत शाळाही निघाली. पुढे व्हिकार जनरल या नात्याने, 1864 मध्ये, प्रत्येक चर्चला शाळा जोडण्याचा आदेश त्यांनी काढला.

दलित मुलांना त्यांनी अक्षरांबरोबर दुपारचे जेवणही दिले. त्यासाठी घरोघरच्या बायका रोज भात शिजत घालताना मूठभर तांदूळ बाजूला काढत. कर्मवीरांचा मुष्टिफंड ठाऊक असलेल्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको. दानशूर शोधत बसण्याऐवजी चावरांनी गरिबाच्या घरालाच शाळेचे मालक केले, आणि म्हणून ती शाळा टिकली.

2014 मध्ये त्यांना संतपद मिळाले. पण आमच्या मराठी शाळांचा पट घटतो आहे, तेव्हा नुसत्या गौरवाने भागणार नाही. पुढच्या सत्रांत आपण मोकळेपणाने बोलावे, आणि आपापल्या गावची एक तरी मराठी शाळा पालकांच्या सहभागाने कशी चालवायची, हे ठरवूनच इथून निघावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.