तंबोरा कोण जुळवणार?



संगीत आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. यंत्राने कलेचा घात केला, ही एक. काळाबरोबर चाललं पाहिजे, ही दुसरी. मला दोन्ही विचार टाळणाऱ्या वाटतात. प्रत्येक यंत्रात ते बनवणाऱ्याने कलेविषयी घेतलेला एखादा निर्णय दडलेला असतो. तो कोणता, आणि आपल्याला मान्य आहे का, हे विचारायचं आपण सोडून दिलं आहे. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

1902 च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. ही मर्यादा मेणाची आणि सुईची होती, रागाची नव्हती. तरी पुढची कित्येक दशकं रागाला तिच्यात बसावं लागलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत काय उभं केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. उलट अल्लादिया खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण करूच दिलं नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून. त्यांचा स्वतःचा आवाज आपण कायमचा गमावला. त्याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 पासून व्हॉयेजर यानांवरून अवकाशात निघाली आहे. यात कोण चुकलं, असा निवाडा मी करणार नाही. दोन्ही खाँसाहेबांनी समजून-उमजून निर्णय घेतला, याचं मोल मला मोठं वाटतं.

पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा इतिहास याहून बोलका आहे. समान अंतराच्या बारा पट्ट्यांत आपले स्वर बसत नाहीत, पेटीवर मींड निघत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला दार बंद केलं. ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. पण त्या बंदीच्या कितीतरी आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी वेगळी वाट धरली होती. स्वर मोजून, क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटी घडवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला आणि ती पेटी रूढ झाली नाही. तरीही मला देवल फार जवळचे वाटतात. यंत्र नाकारावं की स्वीकारावं, या वादात न अडकता त्यांनी ते उघडून आतले सूर तपासले.

आता तंबोऱ्याकडे येतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तारेला गुंजणारा नाद देणारी जवारी लावणारा कारागीर काम करताना पाहा. घोडीचा माथा तो कानसेने हळूहळू घासतो, तार छेडतो, थांबतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो. दोरा केसभर हलला की बसकी तार एकदम खुलते, आणि नीट जुळलेल्या खर्जातून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. त्याला आपण स्वयंभू म्हणतो. त्या घोडीने सी. व्ही. रामन यांनाही कोड्यात टाकलं होतं. 1921 मध्ये त्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तंबोरा हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे, आणि अतिशय सूक्ष्म आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण तो तंबोरा जुळवणारे हात घराघरांत किती उरले आहेत?

आज विद्यार्थी मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप उघडतो, पट्टी निवडतो आणि गायला लागतो. एका खोलीत राहणाऱ्या मुलीला, दुबईत किंवा न्यू जर्सीत शिकणाऱ्या मुलाला ही मोठीच सोय आहे. तिला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. मात्र त्या सोयीने एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली, की जुळवणं ही गाण्याआधीची कटकट आहे. माझ्या गुरूंकडे जुळवणं हीच पहिली तालीम होती. जोडाच्या दोन तारा एकजीव होईपर्यंत ते तोंडातून आ काढू देत नसत. कान तिथे तयार होत असे.

पुढचा निर्णय अधिक गंभीर आहे. सूर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून 1997 मध्ये बाजारात आलं. त्याच्या निर्मात्याने आधी तेलशोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण केलं होतं. त्याच्या नेहमीच्या मांडणीत स्वर बारा खान्यांत असतात आणि खान्याबाहेर गेलेला स्वर ही चूक समजली जाते. दरबारीचा आंदोलित गंधार यातल्या कोणत्या खान्यात घालणार? ध्वनिमुद्रक मित्रहो, हे तुमच्या हातात आहे. पडद्यावरची रेघ सरळ करण्याआधी गायकाला विचारा. आणि गायकांनो, सरळ केलेली रेघ आपला सूर म्हणून मिरवू नका.

आता तर यंत्र आवाजच तयार करतं. 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. नामवंताला न्यायालयात जाता येतं. जत्रेत गाणाऱ्या शाहिराने किंवा ओवी गाणाऱ्या आजीने कुठे जायचं? त्यांचे आवाज मुद्रित करणाऱ्या आपण अभ्यासकांनी संमतीपत्रात हा वापर स्पष्ट लिहायला हवा, आणि त्यांना तो त्यांच्या बोलीत समजावून सांगायला हवा.

या संमेलनाकडे माझं एक मागणं आहे. उद्याच्या ध्वनिमुद्रणाच्या सत्रात मिरजेच्या कारागिरांना व्यासपीठावर बसवा. सभागृहाच्या दाराशी त्यांची विक्रीची टेबलं मांडली आहेत. तेवढ्यावर त्यांची बोळवण करू नका. मायक्रोफोन कुठे ठेवला की जवारी ऐकू येते आणि कुठे ठेवला की मरते, हे ध्वनिमुद्रक आणि कारागिरांनी शेजारी बसून, तार छेडून, सर्वांसमोर ठरवावं. त्या सत्राला मी श्रोता म्हणून बसणार आहे आणि चर्चेची टिपणं स्वतः घेणार आहे.