गाडीमागे गाडी जोडताना

श्रोतेहो, गावी निघालेले कुटुंब घेऊन कुर्ला टर्मिनसकडे चाललेली पद्मिनी टॅक्सी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. ही मोटार कुर्ल्याच्याच प्रीमियर कारखान्यात तयार होई. मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी २०२३ साली गेली. डिकीत ट्रंका कोंबल्या की तिची शेपूट खाली, नाक वर, आणि दिव्यांचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर!

मोटारीमागे राहण्याची छोटी गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडली की हेच होते. फक्त धोका वाढतो. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आहे, तेव्हा हा विषय आता केवळ परदेशचा राहिलेला नाही.

बैलगाडी भरणाऱ्याला यातले मर्म शिकवायला नको. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. फार पुढे आले की बैलांच्या माना दबतात. कॅरॅव्हॅनची दांडी मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकते. तिथे भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार असावा. तो कमी पडला तर कॅरॅव्हॅन वेगात डुलू लागते, आणि घाटाच्या उतारावर मोटारीलाही आडवी फिरवते.

शिक्षकमित्रांनो, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. मोटारीच्या पुढच्या-मागच्या आसांत २.४ मीटर अंतर, गोळा मागच्या आसाच्या १ मीटर मागे, आणि त्यावर १०० किलो भार. मागच्या चाकांवर किती वाढला? शंभर नव्हे, सुमारे १४२ किलो! वरचे ४२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. तरफच ती. पुढची चाके हलकी झाली की वळण आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात.

वजन विभागणारी हिच यावरच उपाय करते. तिचे स्प्रिंगसारखे दोन पोलादी दांडे कॅरॅव्हॅनच्या सांगाड्याला साखळीने ताणून बांधतात. त्या ताणाने काही भार पुढच्या चाकांवर परत जातो, काही कॅरॅव्हॅनच्या चाकांवर.

दुकानदार कॅरॅव्हॅनचे एकूण वजन विचारील. आपण मात्र गोळ्यावरचा भार सांगावा, कारण दांड्यांची निवड त्यावरून होते. सामान आणि पाणी भरून, सपाट जागी, चाकांना उटी लावून, दांडीचे टोक गोळ्याच्या उंचीवर वजनकाट्यावर टेकवा. डिकीतले सामानही हिशेबात घ्या. ‘जाड दांडे बरे’ हा समज खोटा आहे. फाजील ताठ दांडे सांगाड्यालाच ताण देतात. गोळ्यावर साठ-सत्तर किलोच भार असेल आणि मोटार फारशी झुकत नसेल, तर या हिचचा खर्च बहुधा वाचतो. काही मोटारींच्या पुस्तिकेत ती वापरण्यास मनाईच असते. ते पान आधी वाचा. कॅरॅव्हॅनला धक्क्याने लागणारा ब्रेक असेल, तर त्याच्याशी जुळणारीच हिच लागते.

आणि मोटारीची ओढण्याची मर्यादा या हिचने वाढत नाही, बरे का! चुकीचे भरलेले सामानही ती सावरीत नाही.

बसवल्यावर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: जोडण्यापूर्वी, जोडल्यावर आणि दांडे ताणल्यावर. तिसरे माप पहिल्याच्या जवळ यावे. किती जवळ, ते पुस्तिका सांगेल. सोडताना मात्र घाई नको. ताणलेला दांडा सुटून उसळतो, तेव्हा जॅकने दांडी आणि मोटारीची शेपूट एकत्र उचलून ताण उतरवावा, मगच साखळीला हात लावावा.