मुलांच्या हाती लेखणी



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला, वडिलांची नोकरी गेली, आणि माझे पुढचे शिक्षण रात्रशाळेत नि वाचनालयाच्या बाकावर झाले. शालेय मुलांच्या लेखन-वाचन स्पर्धेविषयी मी बोलावे हे धाडसच. पण यंदा एका स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले होते. त्याचा हा जबाब समजा.

निबंधाचा विषय होता 'माझे बाबा'. बहुतेक निबंधांतले बाबा एकच होते. पहाटे उठणारे, शिस्तीचे, वटवृक्षासारखी सावली देणारे. सारे एकाच गाइडातून आलेले, शुद्धलेखन मात्र निर्दोष. एका मुलीने लिहिले होते की, बाबांची रात्रपाळी असते म्हणून दिवसा आम्ही घरात कुजबुजत खेळतो. कुकरची शिटी होऊ लागली की आई धावत जाऊन गॅस बंद करते. पाच ओळींत नऊ चुका! सहपरीक्षक म्हणाले, "गुण वजा केले तर ही पहिल्या दहांतही बसत नाही." मी म्हटले, "गुरुजी, रात्रपाळीच्या माणसाचे घर कसे असते, हे मला इतक्या वर्षांच्या भाषणांत सांगता आले नाही. हिने ते एका वाक्यात सांगितले." तासभर वाद झाला. अखेर तिला तिसरा क्रमांक मिळाला. पहिला मिळाला नाही, ही रुखरुख आहेच.

मी एवढा का भांडलो? कारखान्यात कामगाराला आरोपपत्र मिळते. मुदतीत लेखी खुलासा द्यायचा असतो. बारावी झालेली पोरे युनियनच्या कचेरीत येतात, कोरा कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "भाऊ, तुम्हीच लिहा." मी म्हणतो, "काय घडले ते तोंडाने सांगतोस तसेच लिही." तिथे पोरगा अडतो. अक्षर वळणदार असते. पण घडलेले आपल्या शब्दांत मांडण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते. आणि नोकरी त्या कागदावर लटकलेली असते.

ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगने मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली. तेच जोशी १९२० साली आयटकच्या स्थापनेत होते. पुस्तकांची पेटी आणि कामगारांची संघटना एकाच माणसाने उचलली. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' दिली. लेखणी कोणाच्या हाती शोभेल, हे आधी ठरवणारे आपण कोण?

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. विषय जागेवर द्या. घरच्या बोलीतल्या शब्दाचे गुण कापू नका. शुद्धलेखन मागून शिकवता येते. ढालीऐवजी पुस्तके द्या. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन जरूर साजरा करा. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटाला पुन्हा कुलूप लावू नका.

बक्षीस समारंभाला त्या मुलीचे वडील पाळी सुटल्यावर तसेच आले होते, डोळे तांबारलेले. मला म्हणाले, "भाऊ, पोरीने लिहिले तरी काय?" मी मुलीलाच वाचायला सांगितले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुकरचे मला ठाऊकच नव्हते."