आयलंडपुढची स्टुलं

आजचा विषय अगदी घरगुती आहे. किचनमधल्या आयलंडपुढे ठेवायची उंच स्टुलं. इथे त्यांना सरसकट बार स्टूल म्हणतात. "आमच्याकडे बार नाही हो," असं कुणी म्हणेल. आमच्याकडेही नाही. पण अमेरिकेत नवं घर घेतलं की बहुधा आयलंड येतं, आणि आयलंड आलं की पुढे स्टुलं लागतात.

दिवसभर क्लायंटला "आधी तुमची गरज नीट लिहून काढा" असं सांगणारा मी माणूस. स्टुलं मात्र रात्री अकरा वाजता फोटो बघून मागवली. एकदम चार! बिनपाठीची, गोल फिरणारी, पांढऱ्या कापडाची. पांढरं कापड आणि आपली हळद, याबद्दल बायको काय म्हणाली ते रेडिओवर सांगत नाही.

पहिल्या दिवशी बसलो तर मांड्या ग्रॅनाइटला खालून टेकल्या. आयलंडची उंची 36 इंच, स्टुलाची बैठक 30 इंच. मधल्या 6 इंचांत दगडाची जाडीही आली. मग पाय जाणार कुठे? 30 इंचांचं स्टूल असतं 42 इंच उंचीच्या खऱ्या बारसाठी. 36 इंचांच्या काउंटरला 24 ते 26 इंचांची बैठक लागते. त्याचं खरं नाव काउंटर स्टूल, पण विकताना बऱ्याचदा दोन्ही एकाच नावाखाली मांडलेली असतात. म्हणून टेप घ्या, जमिनीपासून काउंटरच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून 10 ते 12 इंच वजा करा. उरेल ती बैठकीची उंची. वर्णनातही बैठकीचीच उंची बघा, पाठीसकटची नव्हे.

माणशी 24 इंच रुंदी धरा. आमचं आयलंड 7 फुटांचं, म्हणजे तीनच स्टुलं ऐसपैस बसतात. मी मागवली होती चार! गुडघ्यांसाठी दगड पुढे आलेला हवा. 36 इंचांच्या काउंटरला 15 इंच असेल तर उत्तम. हे माप घर बांधतानाच बघायचं. आमचं तेव्हा राहूनच गेलं.

असो. चारही परत पाठवली, अर्थात स्वतःच्या खर्चानं. मग 25 इंचांची तीन आणली, पुसता येणाऱ्या गडद बैठकीची. ही, मी आणि मुलगी. आमचं जेवण तिथेच व्हायला लागलं. फिरणारी मात्र पुन्हा घेतलीच, कारण मुलीला आवडायची.

मग साताऱ्याहून आई आली, सहा महिन्यांसाठी. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. स्टुलं बघून म्हणाली, "पाटावरून उठवत नाही म्हणून टेबल घेतलं, आता तुम्ही हे काढलंत!" आम्ही हसलो. तिचं ताट डायनिंग टेबलवर, आमची तीन आयलंडवर. "मला इथंच बरं," असं ती रोज म्हणायची, आणि तीन आठवडे मी ते खरं मानलं.

एके दुपारी मीटिंग संपवून खाली आलो तर आई एका हातानं काउंटर धरून, एक पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवून वर चढू बघत होती. तेवढ्यात बैठक फिरली. मी दोन पावलांवर होतो म्हणून धरता आलं. ती ओशाळली. म्हणाली, "जमतंय का बघत होते. रात्री तुम्ही काय बोलता, ते तिकडे ऐकू येत नाही रे."

फिरणारी स्टुलं त्याच आठवड्यात घराबाहेर गेली. आता आहेत ती चार पायांची, रुंद बुडाची, पाठ आणि हात असलेली. पाय ठेवायला पुढे दांडी आहे. दांडी नसेल तर पाय लोंबकळतात आणि थोड्या वेळानं मुंग्या येतात. पण खरं सांगायचं तर गुडघे दुखत असतील तर उंच स्टूल कुठलंच चालत नाही. साध्या खुर्चीची बैठक साधारण 18 इंचांवर असते. आमचं स्टूल त्याहून 7 इंच वर. हात असोत की पाठ, चढावं तर लागतंच.

म्हणून आयलंडच्या एका टोकाला 30 इंच उंचीचं छोटं टेबल चिकटवून ठेवलं आणि त्याला दोन साध्या खुर्च्या. एका खुर्चीवर आई, दुसरीवर आमच्यापैकी कुणीतरी. बाकीचे दोघे स्टुलांवर, पण हाताच्या अंतरावर. आमटी वरून खाली द्यावी लागते, एवढंच. दिसायला ते टेबल जरा विजोड आहे. घरी येणारे विचारतातही.

मुलीनं पहिल्या आठवड्यातच दुसरी खुर्ची बळकावली. आजीकडून साताऱ्याच्या वाड्यातल्या भुताच्या गोष्टी ऐकायच्या असायच्या. आई परत गेली, तरी टेबल तिथेच आहे. येत्या मे महिन्यात ती पुन्हा येतेय.

नमस्कार, भेटूया पुढच्या वेळी.